रेडियमचा अणु केव्हां फुटतो?

नाणें उडवून छापा कीं कांटा हें आपण दैवावर सोपवितों. पण तेथें दैव नाहीं. बोटाचा जोर, हवेचा विरोध, जमिनीचा उतार हें सर्व बिनचूक मोजतां आलें, तर निकाल गणितानें आधींच सांगतां येईल. येथें यदृच्छा म्हणजे केवळ आपलें अज्ञान होय. सर्व सृष्टींत असेंच असेल काय?

रेडियमचे अणु आपोआप फुटतात. त्यांची केवढीही रास घ्या, सुमारें १६०० वर्षांत निम्मे अणु फुटतात. उरलेल्यांपैकीं निम्मे पुढील १६०० वर्षांत. राशीचा हिशेब इतका चोख; परंतु अमुक एक अणु केव्हां फुटेल, हें कोणासही सांगतां येत नाहीं. शिवाय तो म्हातारा होत नाहीं. हजार वर्षें टिकलेला अणु व आज उपजलेला अणु, दोघांचीही उद्यां फुटण्याची शक्यता सारखीच. विमा उतरविणाऱ्यांस याचें नवल वाटेल!

रदरफोर्ड व गायगर यांनीं पोलोनियममधून निघणाऱ्या कणांची मोजदाद १९१० सालीं प्रसिद्ध केली. साडेसात सेकंदांचा एक, असे २६०८ अवधि. दर अवधीस सरासरीनें चारांहून किंचित् कमी कण; पण कधीं एकही नाहीं, तर कधीं दहा. हा विस्कळीतपणा निव्वळ यदृच्छेच्या गणिताशीं जुळला.

मग अणूच्या पोटांत एखादें गुप्त घड्याळ नसेल कशावरून? आइन्स्टाइन यांस निखळ यदृच्छा कधींच पटली नाहीं, व त्यांची शंका पोकळ नव्हती. १९६४ सालीं जॉन बेल यांनीं अशा शंकेची परीक्षा घेण्याची युक्ति सांगितली. प्रकाशकणांच्या जोड्यांवर पुढें प्रयोग झाले. क्लाउझर, आस्पे व त्साइलिंगर यांस त्याबद्दल २०२२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. प्रत्येक कणाजवळ स्वतःपुरतें तयार उत्तर असतें, ही साधी कल्पना टिकली नाहीं. दूरच्या कणाशीं तत्काळ संधान राखणारें घड्याळ मानणारे कांहीं शास्त्रज्ञ मात्र अद्यापि आहेत.

याचा व्यवहारांतही उपयोग आहे. संगणकानें गणितानें काढलेले आंकडे कितीही अस्ताव्यस्त दिसोत. त्यांची रीत व आरंभीचा आंकडा ज्यास कळला, त्यास ते सर्व पुन्हां काढतां येतात. म्हणून गुप्त संदेशांच्या किल्ल्या बनविण्यास अर्धवट पारा चढविलेल्या आरशावर एकेक प्रकाशकण सोडतात. पार गेला तर एक, परतला तर शून्य. अशीं यंत्रें आज विकत मिळतात. आरशाचा कल एका बाजूस किंचित् अधिक असला, तर तोच आंकडा जास्त येतो. तो दोष मात्र गणितानेंच काढावा लागतो.