एक डॉक्टर, दोन संघटना

रक्तविकारतज्ज्ञ कुणाला म्हणायचं, याचं उत्तर युरोपात सरहद्द ओलांडली की बदलतं. ब्रिटनमधला हिमॅटॉलॉजिस्ट ल्युकेमियाचे रुग्णही तपासतो आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळाही लावतो; त्याला पॅथॉलॉजीच्या रॉयल कॉलेजची परीक्षा द्यावी लागते. जर्मनीत हा विषय कर्करोगचिकित्सेला जोडलेला. स्पेनमध्ये रक्तसंक्रमण त्याच्या नावातच आहे. नेदरलँड्समध्ये आधी फिजिशियनचं शिक्षण, मग रक्ताकडे वळायचं.

या सगळ्यांना एकत्र आणायला निघाली ती युरोपियन हिमॅटॉलॉजी असोसिएशन, म्हणजे ‘ईएचए’. स्थापना १९९२ची, मास्ट्रिख्टच्या करारावर सह्या झाल्या तेच वर्ष. पहिलं अधिवेशन १९९४ साली ब्रुसेल्सला भरलं. कचेरी हेगमध्ये.

पण देशोदेशींच्या संघटना आधीपासून होत्याच. जर्मनीची १९३७ सालची, ब्रिटनची १९६०ची. शेजारी मोठं दुकान उघडलं की जुन्या दुकानदाराच्या पोटात गोळा येतो, तसंच हे. शिकाऊ डॉक्टरच्या खिशात एकाच वर्गणीपुरते पैसे असले, तर तो ताजं संशोधन मांडलं जातं तिकडेच जाणार. मात्र त्याच्या रुग्णाला महागडं औषध सरकारी खर्चाने मिळावं, म्हणून मंत्रालयाचे उंबरठे झिजवणार ती घरची संघटना. आरोग्यसेवेचा कारभार युरोपात आजही ज्या त्या देशाच्याच हाती आहे.

संयुक्त सभासदत्वाने ही ओढाताण बऱ्यापैकी सोडवली. राष्ट्रीय संघटनेत राहायचं आणि तिच्यामार्फत ईएचएमध्ये कमी वर्गणीत शिरायचं. वरवर पाहता ही सवलतीची योजना. पण खरी मेख अटीत आहे. घरचं सभासदत्व असेल तरच सवलत, त्यामुळे धाकट्या संघटनेचे सभासद गळत नाहीत आणि थोरलीला ते एकेक करून शोधावे लागत नाहीत. हिशेब दोघींचाही पक्का आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

एकत्र येण्याची निकड मुळात रुग्णसंख्येतून येते. दहा हजारांत पाचांहून कमी लोकांना होणारा आजार युरोपीय संघ दुर्मीळ मानतो, आणि रक्ताचे कितीतरी आजार त्यात बसतात. लहान देशातल्या डॉक्टरला असा रुग्ण क्वचितच दिसतो. उपचारांची तुलना करायची तर दहा देशांची नोंदवही लागते. २०१७ साली दुर्मीळ रक्तविकारांसाठी ‘युरोब्लडनेट’ हे रुग्णालयांचं जाळं उभं राहिलं, ते यासाठीच. त्याच वर्षी ईएचएने सामायिक अभ्यासक्रमावर आधारलेली परीक्षा सुरू केली. नुसती ती उत्तीर्ण होऊन प्रॅक्टिसचा परवाना मिळत नाही. तो देशच देतो.

दूरच्या सहकाऱ्याची गरज मुंबईने फार आधी ओळखली होती. ‘बॉम्बे’ रक्तगटाची ओळख करून देणारा १९५२चा ‘लॅन्सेट’मधला लेख डॉ. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी लंडनच्या रेस, सँगर यांच्यासारख्या तज्ज्ञांबरोबर लिहिला. तेव्हा कुणी सभासदत्वाचं कार्ड विचारलं नव्हतं.

आता कार्ड आहे, सवलतही आहे. जूनमधल्या अधिवेशनासाठी विमानाचं तिकीट आणि हॉटेल मात्र बुखारेस्टच्या डॉक्टरलाही झुरिकच्याच भावाने पडतं.