तपासणीचे गणित : मिश्र डावपेच व त्यांचा समतोल

मुठीत चिंचोके धरून समोरच्याला ‘एकी की बेकी?’ असे विचारण्याचा खेळ महाराष्ट्रात खेडोपाडी पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात आला आहे. या खेळात मुरलेले मूल एक गोष्ट कोणी न शिकवताच जाणते. मूठ ठराविक क्रमाने भरली, तर तो क्रम समोरच्याच्या लवकरच ध्यानात येतो आणि मग चिंचोके जाऊ लागतात. सतत एकी धरणे जसे घातक, तसेच एकदा एकी व एकदा बेकी असे आलटून पालटून धरणेही घातकच.

हीच अडचण शासकीय कामकाजात निराळ्या रूपाने पुढे येते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाजारपेठेत येणारा वजनमापांचा तपासनीस त्या सोमवारी सर्व तागड्या बिनचूक असल्याचे पाहतो व तसा अहवाल पाठवितो. अहवाल खोटा नसतो, परंतु मंगळवारच्या तागडीविषयी तो काहीच सांगत नाही. उलटपक्षी, दररोज प्रत्येक दुकान तपासावे म्हटले, तर तेवढे मनुष्यबळ कोणत्याही खात्यापाशी नसते. तेव्हा तपासणी किती वेळा करावी आणि कोणत्या दिवशी करावी, या प्रश्नाला काही शास्त्रीय उत्तर आहे काय? गणिताच्या ज्या शाखेला ‘खेळ सिद्धांत’ असे नाव आहे, तिने या प्रश्नाचा विचार केला आहे व त्याचे उत्तर त्रैराशिकाइतक्या सोप्या गणिताने काढता येते.

प्रथम एक लहान खेळ

दोन खेळाडू एकाच वेळी एक किंवा दोन बोटे दाखवितात, असे समजू. बोटांची बेरीज विषम आली तर ‘एकी’वाला जिंकतो, सम आली तर ‘बेकी’वाला. जितकी बेरीज, तितके चिंचोके हरणाऱ्याने द्यावयाचे. म्हणजे एकीवाल्यास प्रत्येक विजयात ३ चिंचोके मिळतात, तर बेकीवाल्यास कधी २ व कधी ४. सरासरी दोन्हीकडे ३, म्हणून खेळ समसमान आहे असे कोणासही वाटेल. वस्तुतः तो तसा नाही.

एकीवाल्याने निम्म्या वेळा एक बोट व निम्म्या वेळा दोन बोटे दाखविली, तर बेकीवाल्याने केवळ दोन बोटे धरून बसावे. त्यास निम्म्या डावांत ४ चिंचोके मिळतील, निम्म्यांत ३ द्यावे लागतील आणि दर डावास सरासरी अर्ध्या चिंचोक्याचा फायदा होईल. तेव्हा निम्मे-निम्मे हे प्रमाण एकीवाल्याच्या कामाचे नाही. मग कोणते प्रमाण धरावे? प्रतिस्पर्ध्याने काहीही दाखविले तरी आपली सरासरी प्राप्ती सारखीच राहील असे प्रमाण शोधावयाचे, हीच या शोधाची किल्ली आहे.

एक बोट दाखविण्याचे प्रमाण ‘प’ मानू. बेकीवाल्याने एक बोट दाखविल्यास एकीवाल्याची सरासरी प्राप्ती ३ − ५प इतकी होते. त्याने दोन बोटे दाखविल्यास ती ७प − ४ होते. दोन्ही राशी समान मांडल्या की १२प = ७, म्हणजे प = ७/१२. बारा डावांपैकी सरासरी सात डावांत एक बोट आणि पाच डावांत दोन बोटे दाखविणाऱ्या एकीवाल्यास, समोरचा कसाही खेळला तरी, दर बारा डावांमागे सरासरी एक चिंचोका लाभतो. बेकीवाल्याच्या बाजूनेही असेच समीकरण मांडले असता त्याचेही प्रमाण ७/१२ येते. त्या प्रमाणाने तो खेळल्यास आपला तोटा बारा डावांमागे एका चिंचोक्याच्या आत रोखू शकतो, परंतु पूर्णपणे टाळू शकत नाही. अशा स्थितीत दोघांपैकी कोणासही एकट्याने आपले प्रमाण बदलून लाभ होत नाही. या स्थितीस ‘मिश्र डावपेचांचा समतोल’ म्हणतात. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना साधी समीकरणे शिकविताना हा खेळ वर्गात प्रत्यक्ष खेळून पाहता येण्यासारखा आहे. मात्र चिंचोक्याचा फरक उघड होण्यास बारा नव्हे, काही हजार डाव मांडावे लागतील.

डावपेचांचे मिश्रण करण्याची कल्पना फ्रेंच गणिती एमिल बोरेल यांनी १९२१ साली मांडली. एकाचा लाभ तोच दुसऱ्याचा तोटा अशा दोघांच्या खेळात वरीलप्रमाणे समतोल नेहमीच असतो, हे जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली सिद्ध केले. लाभ-तोटा असा समसमान नसला व खेळाडू दोनांहून अधिक असले तरी, खेळाडू व त्यांचे पर्याय मोजके असल्यास, किमान एक समतोल असतोच, हे जॉन नॅश यांनी १९५० साली दाखवून दिले. १९९४ साली जॉन हरसानी व राइनहार्ड झेल्टेन यांच्यासमवेत त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तपासणीचा प्रश्न नॅश यांच्या व्यापक प्रकारात मोडतो, कारण दुकानदाराचा तोटा म्हणजे खात्याचा तितकाच लाभ असे तेथे नसते.

दुकानदार व तपासनीस

आता तागडीकडे वळू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. काटा मारून दुकानदारास दिवसाकाठी ५० रुपये अधिक मिळतात. त्या दिवशी तपासणी झाली तर दंड धरून त्याचा निव्वळ तोटा ९५० रुपयांचा होतो. प्रामाणिक राहिल्यास लाभही नाही, तोटाही नाही. खात्यास एका तपासणीचा खर्च १०० रुपये येतो, तर न पकडल्या गेलेल्या लबाडीने ग्राहकांचे व कायद्याच्या प्रतिष्ठेचे जे नुकसान होते त्याची किंमत खाते दिवसास ५०० रुपये धरते.

येथे दोघांनाही एकच एक धोरण धरून बसता येत नाही. रोज तपासणी होत असेल तर दुकानदार प्रामाणिक राहतो. सारे प्रामाणिक असतील तर तपासणीचा खर्च व्यर्थ ठरतो. तपासणी थांबली की काटा पुन्हा मारला जातो आणि तो मारला जाऊ लागला की तपासणी पुन्हा सुरू करणे भाग पडते. हे चक्र कोठेच थांबत नाही, म्हणून समतोल मिश्रणातच शोधावा लागतो.

तपासणीचे प्रमाण दुकानदाराच्या आकड्यांवरून निघते. काटा मारण्यात त्याला सरासरी लाभही नसावा व तोटाही नसावा, यासाठी तपासणीची शक्यता ५० भागिले १,०००, म्हणजे वीस दिवसांत एक दिवस इतकी हवी. लबाडीचे प्रमाण मात्र खात्याच्या आकड्यांवरून निघते. तपासणी केल्यास खर्च १०० आणि न केल्यास सरासरी नुकसान लबाडीच्या प्रमाणाच्या ५०० पट. हे दोन्ही समान होण्यासाठी लबाडीचे प्रमाण १/५ हवे. याचा अर्थ प्रत्येक दुकानदार पाच दिवसांत एकदा काटा मारतो असा लावावा, किंवा पाच दुकानदारांपैकी एक जण रोज मारतो असा लावावा. खात्याच्या दृष्टीने हिशेब एकच.

पहिल्या वाचनात हे उलटे वाटते, आणि या सिद्धांताचा खरा धडा नेमका येथेच आहे. समजा, लोकांच्या तक्रारी वाढल्या म्हणून दंड वाढविला व पकडल्या गेलेल्या दुकानदाराचा निव्वळ तोटा ९५० वरून १,९५० रुपयांवर नेला. तपासणीचे प्रमाण आता चाळीस दिवसांत एक दिवस इतके येते. लबाडीचे प्रमाण मात्र १/५ होते तेथेच राहते, कारण ते काढताना दंडाचा आकडा कोठेच आलेला नव्हता! दंड वाढला तसे अधिकारी निर्धास्त झाले, फेऱ्या कमी झाल्या आणि दुकानदाराने ते हेरले. तपासणीचा खर्च १०० वरून ५० रुपयांवर आणला तर मात्र लबाडी १/१० वर येते. तपासनिसाला वेळेवर वाहन मिळणे व तपासणीचे कागद आटोपशीर असणे या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींचे मोल येथे ध्यानात यावे.

अर्थात, हे निष्कर्ष गृहीतांवर अवलंबून आहेत. दंडाची रक्कम तपासणाऱ्या यंत्रणेच्याच तिजोरीत जमा होत असेल तर हिशेब बदलतो व दंडवाढीने लबाडीही घटते. परंतु उत्पन्नासाठी तपासणी करणारी यंत्रणा निराळ्याच रोगाने ग्रस्त होण्याचा धोका असतो.

प्रमाण जाहीर, दिवस गुप्त

वरील समतोलात खात्यास प्रत्येक दुकानामागे दिवसाला १०० रुपयांचा भार पडतो. तपासणी केली तरी तेवढाच, न केली तरी तेवढाच. यातून सुटण्याचा एक मार्ग आहे. खात्याने आधीच जाहीर करावे की, कोणत्याही दिवशी कोणतेही दुकान तपासले जाण्याची शक्यता शेकडा ६ आहे, आणि ते कसोशीने पाळावे. मग काटा मारणाऱ्यास दिवसाकाठी सरासरी १० रुपयांचा तोटा होईल व प्रामाणिकपणाच किफायतशीर ठरेल. खात्याचा भार दिवसास १०० ऐवजी ६ रुपयांवर येईल. दंडवाढीचा उपयोगही येथे होतो, कारण दंड दुप्पट असेल तर शेकडा तीन फेऱ्यांतही काम भागते.

मोह मात्र यातच दडलेला आहे. सगळे काटे बिनचूक निघू लागले की ‘आता कशाला जावे?’ असे वाटू लागते. चार फेऱ्या चुकल्या की बाजारात ती वार्ता पोहोचते आणि गाडी पुन्हा जुन्या समतोलावर येते. म्हणून फेरी ठरविण्याचे काम अधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठीवर सोपविणे श्रेयस्कर होय. शिवाय, मनाने निवडलेले दिवस यदृच्छ नसतात. माणूस लागोपाठ दोन दिवस एकाच दुकानात जाण्याचे टाळतो व आज तपासलेला दुकानदार उद्या निश्चिंत होतो. चिठ्ठीला अशी भीड नसते.

हे केवळ पुस्तकी नाही. ब्राझीलमध्ये २००३ सालापासून केंद्र शासनाच्या लेखापरीक्षणासाठी नगरपालिका सार्वजनिक सोडतीने निवडण्याची पद्धत सुरू झाली. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत पाहिलेल्या पंचायत सदस्यांना ती कल्पना अनोळखी वाटणार नाही. पूर्वी अशी तपासणी झालेल्या नगरपालिकांत पुढील काळातील भ्रष्टाचार सुमारे ८ टक्क्यांनी घटला, असे अवीस, फेराझ व फिनान या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या विमानतळावर २००७ साली रस्त्यांवरील तपासणी नाक्यांच्या जागा व श्वानपथकांच्या फेऱ्या संगणकाने यदृच्छ ठरविण्यास आरंभ झाला. ती प्रणाली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील मिलिंद तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली होती. धोका जेथे अधिक तेथे फेरीची शक्यता अधिक, परंतु शून्य कोठेच नाही, असे तिचे साधारण सूत्र होते.

माणसे खरोखरीच असे वागतात काय, हा प्रश्न उरतो. इग्नासिओ पालासिओस-हुएर्ता यांनी २००३ साली फुटबॉलमधील १,४१७ पेनल्टी फटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूने आपल्या सोयीच्या बाजूस चेंडू मारला व गोलरक्षक तिकडेच झेपावला, तर गोल होण्याचे प्रमाण शेकडा ७० भरले. उलट बाजूस दोघेही गेले तर ५८. गोलरक्षक चुकला तर मात्र ते ९० च्या वर गेले. या आकड्यांवरून समीकरण मांडता खेळाडूने उलट बाजूस शेकडा सुमारे ३९ फटके मारावेत आणि गोलरक्षकाने त्या बाजूस शेकडा ४२ वेळा झेपावावे, असे उत्तर येते. मैदानावरील प्रत्यक्ष आकडे होते ४० आणि ४२. या खेळाडूंनी समीकरणे सोडविली नव्हती. चुकीची शिक्षा मैदानावर लागलीच मिळत असल्याने ते त्या प्रमाणापर्यंत आपोआप आले असावेत. कार्यालयीन कामात शिक्षा उशिरा व अप्रत्यक्ष मिळते, म्हणून तेथे कागदावर हिशेब करणे बरे.

पर्याय दोनांहून अधिक असतील तर काम वाढते. अशा वेळी काही पर्याय मुळीच वापरले जाणार नाहीत असे प्रथम गृहीत धरावे, उरलेल्या पर्यायांची सरासरी प्राप्ती समान मांडून प्रमाणे काढावीत आणि मग वगळलेल्या पर्यायांतून अधिक प्राप्ती होत नाही ना, हे ताडून पाहावे. होत असेल, किंवा एखादे प्रमाण ऋण येत असेल, तर गृहीत बदलून पुन्हा आरंभ करावा. दोन खेळाडूंसाठी लेम्के व हाउसन यांनी १९६४ साली एक पद्धतशीर रीत दिली. तथापि पर्याय शेकड्यांनी वाढल्यावर कोणतीही रीत नेहमी झटपट उत्तर देईल असे दिसत नाही. या प्रश्नाची मूळ कठीणता २००६ च्या सुमारास संगणकशास्त्रज्ञांनी सिद्ध करून दाखविली आहे.

तालुक्याच्या बाजारपेठेतील तपासणीसाठी एवढ्या खोलात शिरण्याचे कारण नाही. शंभर सारख्या चिठ्ठ्या घ्याव्यात, त्यांपैकी सहांवर खूण करावी आणि रोज सकाळी प्रत्येक दुकानाच्या नावाने एक चिठ्ठी काढून ती परत डब्यात टाकावी. काढलेली चिठ्ठी परत टाकणे महत्त्वाचे आहे, अन्यथा सहा खुणा संपल्या की उरलेले दिवस मोकळे आहेत हे दुकानदारास कळते. निघालेल्या चिठ्ठीची नोंद दोन साक्षीदारांच्या सहीने नोंदवहीत करावी व ती फेरी आटोपल्यावर सर्वांना पाहता यावी. रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपटाची पडताळणी किंवा शाळेतील पोषण आहाराच्या साठ्याची मोजणी यांनाही हीच रीत लागू पडते. फक्त खूण केलेल्या चिठ्ठ्यांची संख्या त्या-त्या ठिकाणच्या लाभ-दंडाच्या आकड्यांवरून नव्याने काढावी लागेल.