काळोखातील रस्ता आणि शिकाऊ दुचाकीस्वार

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातील आणि मराठवाड्यातील रस्त्यांचे रात्रीचे रूप पालटून जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि उसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्या रात्रभर कारखान्याची वाट चालत असतात. मागे लोंबणाऱ्या उसाआड ट्रॉलीचा मागचा दिवा झाकला जातो. बैलगाडीला तर बहुधा तो नसतोच. याच रस्त्याने तालुक्याच्या गावी शिकवणीला गेलेला विद्यार्थी, दुकान बंद करून परतणारा तरुण किंवा रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला निघालेला शेतकऱ्याचा मुलगा दुचाकीवरून जात असतो. त्यातील कित्येकांच्या गाडीवर अजून लाल ‘एल’ अक्षराची पाटी असते, आणि कित्येकांच्या गाडीवर ती असायला हवी असूनही नसते.

वाहन शिकण्याची आपली रूढ पद्धत दिवसाची आहे. शाळेच्या मैदानावर किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर सकाळी क्लच, गिअर आणि ब्रेक यांची ओळख होते. परवान्याची चाचणीही कार्यालयाच्या वेळेत, लख्ख उजेडात घेतली जाते. त्यामुळे रात्री गाडी चालविण्याचा एकही धडा न घेता उमेदवार रीतसर परवानाधारक होऊ शकतो. पहिला रात्रीचा प्रवास मग एखाद्या लग्नाहून परतताना किंवा घरी कोणी आजारी पडले म्हणून, अचानक घडतो. शिकण्यासाठी यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

केंद्र शासनाच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७ जण, म्हणजे शंभरातील चव्वेचाळीसहून अधिक, दुचाकीवरील होते. दिवसातील कोणत्याही तीन तासांपेक्षा सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत अपघात अधिक झाले. एकूण अपघातांचा सुमारे पाचवा हिस्सा याच वेळेतला आहे. दिवेलागणीची ही वेळ गावाकडे गुरे परतण्याची आणि बाजारकरू घरी निघण्याची असते.

अंधारात नेमके काय बदलते, हे समजून घेण्यासारखे आहे. मानवी डोळ्यात उजेडात काम करणाऱ्या आणि अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी असतात. उजेडातून काळोखात आल्यावर दुसऱ्या प्रकारच्या पेशींना पूर्ण कार्यक्षम होण्यास सुमारे अर्धा तास लागतो. त्या रंग ओळखू शकत नाहीत आणि बारकावेही टिपत नाहीत. झगझगीत दुकानातून बाहेर पडून लगेच गाडीला किक मारणारा तरुण पहिली काही मिनिटे निम्म्याच दृष्टीने जात असतो, असे म्हटले तरी चालेल. समोरून प्रखर दिवा डोळ्यांवर आला की त्यानंतरचे काही क्षण पुढचा रस्ता जणू पुसला जातो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अशा अवघ्या तीन सेकंदांत ४० मीटरहून अधिक अंतर न बघताच कापते.

आता दिव्याचा आणि वेगाचा हिशेब पाहू. खाली वळविलेल्या, म्हणजे ‘डिपर’वर असलेल्या दुचाकीच्या दिव्यात गडद कपड्यांतील पादचारी किंवा काळी म्हैस साधारणतः तीस-चाळीस मीटरवर आल्यावरच नजरेस पडते. ताशी ४० किलोमीटर वेगात धोका दिसल्यापासून ब्रेकवर हात जाईपर्यंतच्या दीड सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर पुढे जाते आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबायला आणखी बारा-तेरा मीटर घेते. म्हणजे तीस मीटरच्या आत ती थांबते. हाच वेग ताशी ६० किलोमीटर झाला, तर दोन्ही अंतरे मिळून ५० मीटरच्या वर जातात. अडथळा दिसतो, ब्रेकही लागतो, पण धडक चुकत नाही. उजेडाच्या टप्प्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवावा, हा रात्रीच्या प्रवासाचा पहिला नियम या साध्या अंकगणितावर उभा आहे. ओल्या रस्त्यावर किंवा खडी सांडलेल्या वळणावर हे अंतर आणखी वाढते. अशा ठिकाणी पुढचा ब्रेक एकदम दाबल्यास गाडी घसरते. वेग आधीच कमी करून, गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत.

समोरून वाहन आले की नवशिक्याची नजर नकळत त्याच्या दिव्याकडे खेचली जाते आणि नजर जाते तिकडे गाडीही झुकते. अशा वेळी रस्त्याच्या डाव्या कडेवर, पांढरी पट्टी असल्यास तिच्यावर, नजर ठेवावी आणि वेग उतरवावा. समोरच्याने डिपर दिला नाही म्हणून आपणही वरचा दिवा त्याच्या डोळ्यांत मारणे ही सूडबुद्धी झाली. त्यातून दोघेही आंधळे होतात. आणखी एक गोष्ट गावाकडचे जुने चालक नेहमी सांगतात. समोर एकच दिवा दिसला म्हणजे ती दुचाकीच असेल असे मानू नये. एक दिवा बंद पडलेला ट्रॅक्टर किंवा ट्रकही असू शकतो आणि त्याचा न दिसणारा भाग नेमका आपल्या बाजूला असतो.

गाडीच्या दिव्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. १ एप्रिल २०१७ पासून तयार होणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. मात्र त्याच्या काचेवर साचलेला चिखल आपोआप निघत नाही. मागे दोन पोती खत किंवा जड सामान असेल, तर गाडीचे तोंड वर उचलले जाते, दिव्याचा झोत झाडांच्या शेंड्यांकडे जातो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. मागचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि परावर्तक हे निघण्यापूर्वी पुसून, लावून पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. हेल्मेटची काच ओरखडे पडलेली असेल, तर प्रत्येक दिव्याभोवती तेजोवलय उमटते. काळसर काच रात्री वापरूच नये. भारतीय मानक संस्थेचे चिन्ह असलेले हेल्मेट, पायांत बूट आणि फिकट रंगाचा किंवा परावर्तक पट्ट्यांचा अंगरखा एवढी सामग्री पुरेशी आहे.

शिकाऊ परवान्याच्या अटी फार थोड्यांना नीट ठाऊक असतात. हा परवाना सहा महिन्यांसाठी असतो आणि किमान तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. पुढे आणि मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ अक्षर असणे बंधनकारक आहे. ही पाटी निदान १८ सेंटिमीटर चौरस हवी. मागे कोणी बसणार असेल, तर ती व्यक्ती परवानाधारक शिकविणारीच असली पाहिजे. मित्राला किंवा धाकट्या बहिणीला बसविता येत नाही, तिघांचा तर प्रश्नच येत नाही. गिअरच्या मोटारसायकलसाठी वयाची अट १८ वर्षांची आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हाती वाहन दिल्याबद्दल पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड अशी तरतूद मोटार वाहन अधिनियमात आहे. अकरावी-बारावीचे वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकांनी पालकसभेत ही बाब आवर्जून मांडावी. सायकलतळावर मोटारसायकली किती उभ्या असतात, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

अटींमध्ये रात्रीचा उल्लेख नाही म्हणून रात्र निर्धोक ठरत नाही. ज्या रस्त्याने पुढे रात्री जायचे, तो आधी दिवसा पाहून घ्यावा. कठडा तुटलेली मोरी कोठे आहे, साइडपट्टी कोठे खचली आहे, कोणत्या वस्तीजवळ कुत्री अंगावर येतात, हे मनात ठेवावे. नंतर काही दिवस संधिप्रकाशात आणि मग दिवे असलेल्या गावठाणात सराव करावा. काळोख्या रस्त्यावरचे पहिले फेरे अनुभवी, परवानाधारक व्यक्तीच्या सोबतीनेच व्हावेत. पावसाळ्यात, निदान पहिल्या वर्षी, हा सराव टाळलेलाच बरा. पाण्याने भरलेला खड्डा आणि ओला डांबरी रस्ता दिव्याखाली सारखेच चकाकतात. आषाढीच्या दिवसांत दिंड्या पहाटेच्या अंधारातच वाटेला लागतात, हेही पंढरीच्या मार्गावरील चालकांनी विसरू नये.

अपघात घडलाच, तर मदतीस धावणाऱ्याला पोलीस चौकशीची धास्ती वाटण्याचे कारण उरलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीतील कलम १३४ (क) ने जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखमीची मान न हलविता, श्वास चालू आहे ना, याकडे लक्ष द्यावे.

ग्रामपंचायतींच्या हाती असलेली कामे खर्चाची नाहीत. वळणावर रस्त्यावर आलेली वेडी बाभूळ छाटणे, शाळेजवळचा दिवा चालू ठेवणे, हंगामापूर्वी गावातील ट्रॉल्या आणि बैलगाड्यांना परावर्तक पट्ट्या लावून घेणे, मोरीच्या उरलेल्या कठड्याला पांढरा रंग देणे, ही कामे एका ग्रामसभेत ठरू शकतात. सर्वांत घातक असतो तो कोणीतरी रातोरात घातलेला, रंग नसलेला गतिरोधक. तो दिवसाही उशिरा दिसतो, रात्री तर दिसतच नाही. असा गतिरोधक काढण्याचा किंवा नियमानुसार करून घेण्याचा ठराव रस्ता ज्यांच्या ताब्यात असेल त्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या किंवा जिल्हा परिषद बांधकाम विभागाच्या कार्यालयाकडे पाठवावा. उत्तर येईपर्यंत त्यावर चुन्याचे पट्टे ओढावेत. हे पट्टे पहिल्या पावसातच धुऊन जातात, म्हणून दसऱ्याच्या सुमारास, उसाच्या गाड्या सुरू होण्यापूर्वी, ते पुन्हा ओढावे लागतात.