दारातला तरवड

दारात फुलझाड लावायचे म्हटले की गुलाब, मोगरा, जास्वंद ही नावे पुढे येतात. पण चैत्र लागतो, विहीर तळाला जाते, आणि घागरभर पाणी माणसांना, जनावरांना की गुलाबाला, हा हिशेब घरातल्या बाईलाच करावा लागतो. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत आपल्या माळावरच्या तरवडाबद्दल.

पिवळ्याधमक फुलांचे हे कमरेएवढे, कधी डोक्याएवढे झुडूप सगळ्यांच्या ओळखीचे. नवरात्रात घटावर याच फुलांची माळ चढते. शेजारच्या तेलंगणात याला तंगेडू म्हणतात. तिथे बतुकम्माच्या सणाला ही फुले लागतातच, आणि २०१४ साली ते राज्य झाल्यावर त्यांनी तरवडालाच राज्यफूल केले. आपल्याकडे मात्र बांध साफ करताना पहिला घाव यालाच बसतो. मग माळेची फुले शोधत लांब हिंडायचे, नाहीतर बाजारातून विकत आणायची.

माळावरचे मोठे झाड उपटून दारात लावू नका. तरवडाचे मूळ सरळ खोल जाते, आणि त्याच्याच जोरावर तो दुष्काळात हिरवा राहतो. उपटताना ते तुटले की झाड बहुधा जगत नाही. बियांपासूनच रोप करावे.

हिवाळ्यात तपकिरी, वाळलेल्या शेंगा गोळा करा. तरवडाची शेंग चपटी, कागदासारखी पातळ असते, आतले बी वरून उठून दिसते. पोरांना शेंगा आणायला पाठवाल, तर एवढे सांगून पाठवा की बी तोंडात घालायचे नाही. तरवडासारखीच पिवळी फुले येणारा कासविंदा गावाकडे उकिरड्याच्या कडेला उगवतो. त्याच्या बिया खाऊन लहान मुले दगावल्याची नोंद उत्तर प्रदेशात डॉक्टरांनी केलेली आहे.

बियांचे कवच कठीण असते, नुसते पेरले तर बरेचसे बी तसेच पडून राहते. पाण्याला उकळी आणून भांडे खाली उतरवा, जरा थांबून त्यात बी टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी जे फुगले ते पेरा. न फुगलेल्याला पुन्हा तसेच करा. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोके पाडून माती आणि थोडे शेणखत भरा, एका पिशवीत दोन बिया. हे काम फाल्गुन-चैत्रात केले की मृगापर्यंत रोप लावण्याजोगे होते.

जागा उन्हाची हवी. मुरमाड, खडकाळ चालेल, पण मोरीचे पाणी साचते तिथे नको. पाण्याने हे झाड जगण्यापेक्षा मरण्याचीच भीती जास्त. हातभर खड्डा पुरे. कुंपणाला लावायचे तर दोन-दोन हातांवर, सुटे झाड हवे तर तीन हात सोडून. पहिल्या उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी तांब्या-दोन तांबे पाणी द्या. पुढच्या उन्हाळ्यापासून तेही लागत नाही. शेळ्या याला सहसा तोंड लावत नाहीत, ही आणखी एक सोय.

छाटणी वैशाखात करावी. फुले नव्या फांद्यांच्या शेंड्याला येतात, म्हणून श्रावण-भाद्रपदात कोयता लावला तर नवरात्रात नुसता पाला दिसेल. छाटलेला पाला वाफ्यात गाडा, चांगले खत होते. साल मात्र सोलू नका. पूर्वी चामडे कमावायला ती लागायची, पण सोललेली फांदी वाळते.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणी करू नका. त्या फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या असतात. पाने खाल्ली तरी पुन्हा फुटतात. फुलांवर मोठा काळा भुंगा गुंगुं करत येतो, त्यालाही हाकलू नका. या फुलात मध नाही. भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतो. वांग्याच्या फुलावरही भुंगा हेच काम करतो, म्हणून वांग्याच्या वाफ्याजवळ एखादा तरवड असू द्या.

साखरेच्या आजारावर फुलांचा काढा घेतात, असे अनेक जणी सांगतात. घ्यायचा तर आधी डॉक्टरांना विचारून, आणि चालू गोळ्या न सोडता.

गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून शंभर पिशव्या भरल्या तर बांधालाही रोपे पुरतील. यंदाच्या शेंगा पौषात काढून, बी वाळवून, राखेत घोळून डब्यात ठेवा.