पुलाची भाषा (भाग ७) : पुरातला तळ

मागच्या आठवड्यात आपण पिअरपर्यंत उतरलो. वाहनांचं वजन डेक स्लॅबवरून गर्डरवर, गर्डरवरून बेअरिंगमार्फत पिअर कॅपवर आणि तिथून खांबात कसं जातं, ते पाहिलं. आज त्या वजनाबरोबर पाण्याखाली जायचं आहे. माझ्या मते पुलाच्या कामातले सर्वांत महत्त्वाचे शब्द तिथे आहेत. बाहेरच्या माणसाच्या कानावर मात्र ते क्वचितच पडतात, कारण पूल बांधून झाला की त्या शब्दांची एकही वस्तू डोळ्यांना दिसत नाही.

पहिला शब्द स्कावर. वाहतं पाणी तळाची वाळू, माती, गोटे उचलून नेतं, त्या धुपीला पूल बांधणारे स्कावर म्हणतात. उन्हाळ्यात कुठल्याही वाळूच्या नदीत उतरा आणि पात्रात रुतलेला एखादा मोठा धोंडा शोधा. पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला धोंड्याला लागून चंद्रकोरीसारखा खळगा दिसेल. पिअरपाशी हेच घडतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. वेगाने आलेला प्रवाह खांबावर आदळतो, पुढे जायला वाट नसल्याने खांबाला घासत खाली बुडी मारतो, तळ उकरतो आणि दोन्ही अंगांनी गरगरत मागे निघून जातो. वरून पाहिलं तर या भोवऱ्याचा आकार घोड्याच्या नालेसारखा असतो, म्हणून त्याचं नाव हॉर्सशू व्हॉर्टेक्स. ही झाली खांबालगतची, म्हणजे लोकल स्कावर. पूल बांधताना दोन्हीकडून भराव घातला की नदीचं पात्र आवळतं, पाण्याचा वेग वाढतो आणि पुलाखालचा सगळाच तळ खाली जातो, ती काँट्रॅक्शन स्कावर. शिवाय वर्षानुवर्षं नदीचा तळच उतरत जाणं हा तिसरा प्रकार. त्याच्याकडे शेवटी येऊ. तिन्हींची बेरीज होते, ही गोष्ट विसरता येत नाही.

पण स्कावरबद्दल सर्वांत आधी कळायला हवी ती गोष्ट वेगळीच आहे. पूर चढत असताना खांबाभोवती खड्डा पडतो आणि पूर उतरू लागला, पाण्याचा जोर कमी झाला की वरून आलेला गाळ त्याच खड्ड्यात बसतो. चार दिवसांनी पाहायला जाल तर तळ पहिल्यासारखा सपाट. खड्ड्यात बसलेली ही वाळू सैल असते, पुढच्या पुरात ती पहिल्या तासाभरात निघून जाते. पूल ज्या तळावर उभा राहायला हवा तो पुरातला तळ. एप्रिल-मेमध्ये आपल्याला दिसतो तो तळ पुलाच्या दृष्टीने नुसता भराव आहे. पायाच्या कामातले पुढचे सगळे शब्द या एका गोष्टीतून निघाले आहेत.

मग पुरातला तळ किती खाली जाईल हे आधी कसं ठरवायचं? आपल्याकडे त्यासाठी गेराल्ड लेसी यांचं सूत्र वापरतात. लेसी ब्रिटिश अमदानीत उत्तर भारतातल्या कालव्यांवर काम करणारे अभियंते. गाळाच्या जमिनीत वाहणारं पाणी आपली रुंदी आणि खोली स्वतःच ठरवून घेतं, या निरीक्षणावर त्यांनी १९३० च्या सुमारास सूत्रं बसवली. पुलाच्या रुंदीच्या दर मीटरमधून सेकंदाला किती घनमीटर पाणी जातं, तो आकडा घ्यायचा. तळाची वाळू किती जाडीभरडी आहे, त्यावरून सिल्ट फॅक्टर काढायचा. पहिल्या आकड्याचा वर्ग करून त्याला दुसऱ्याने भागायचं, येईल त्याचं घनमूळ काढायचं आणि त्याला १.३४ ने गुणायचं. ही झाली सरासरी स्कावरची खोली, आणि ती मोजायची महत्तम पूरपातळीपासून खाली.

एक उदाहरण करून पाहू. दर मीटरला १५ घनमीटर पाणी आणि पाऊण मिलिमीटरच्या आसपास कणांची वाळू, म्हणजे सिल्ट फॅक्टर साधारण १.५. उत्तर येतं सुमारे ७.१ मीटर. पिअरपाशी याची दुप्पट धरतात, म्हणजे १४.२ मीटर. त्याखाली पाया जमिनीत घट्ट रुतून राहावा म्हणून आणखी एक तृतीयांश खोली द्यायची, तिला ग्रिप म्हणतात. एकूण १९ मीटर. पूरपातळी उन्हाळ्यातल्या तळापेक्षा ६ मीटर उंच असेल, तर पाया वाळूखाली १३ मीटर हवा, आणि त्यातली वरची ८ मीटर वाळू पुरात तिथे नसेलच असं धरून चालायचं. पुलाचा आराखडा पाहताना अनेकांना वाटतं, एवढा खोल पाया कशाला, खर्च वाढवायचा धंदा आहे. तो खर्च या ८ मीटरसाठी असतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेत यावर आणखी एक सावधगिरी आहे. पायाची खोली ठरवताना पुराचा हिशेबातून आलेला आकडा तसाच घेत नाहीत, वाढवून घेतात. नदीचं पाणलोट क्षेत्र ३,००० चौरस किलोमीटरपर्यंत असेल तर ३० टक्के वाढ, ४०,००० च्या वर असेल तर १० टक्के. लहान नदीला जास्त वाढ का? कारण मोठ्या खोऱ्यात सगळीकडे एकाच वेळी अतिवृष्टी होत नाही, लहान खोऱ्यात एकच ढग सगळा हिशेब मोडू शकतो. सह्याद्रीवरून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळणाऱ्या कोकणातल्या नद्या या पहिल्या गटातल्या. या नद्यांच्या वरच्या टप्प्यात तळाला वाळूऐवजी दगडगोटे असतात. लेसींचं सूत्र कालव्यांच्या गाळातून आलेलं आहे, गोट्यांच्या तळाला ते डोळे झाकून लावणं मला धोक्याचं वाटतं. तिथे पुरात प्रत्यक्ष मोजलेल्या खोलीला पर्याय नाही. खाली बेसॉल्ट लवकर लागला तर मात्र काम सोपं होतं. घट्ट खडकात ०.६ मीटर आणि मऊ खडकात १.५ मीटर पाया रोवला की पुरे. दख्खनच्या पठारावरच्या कितीतरी पुलांचे पाये असे उथळ असूनही खंबीर आहेत.

जिथे खडक लवकर लागत नाही, तापीच्या गाळाच्या पट्ट्यात किंवा गंगा-यमुनेच्या मैदानात, तिथे आपल्याकडची जुनी पद्धत म्हणजे विहिरीचा पाया. साइटवर याला वेल फाउंडेशन म्हणतात. ही विद्या या देशात इंग्रजांच्या आधीपासून आहे. ताजमहालाचा यमुनेकडचा पायाही विहिरींवर उभा आहे. नाव विहिरीचं असलं तरी काम उलटं असतं. आधी खोदून मग बांधत नाहीत, बांधत बांधत खाली उतरवतात.

नदीत पाणी असेल तर आधी वाळूचं बेट करतात. त्यावर पोलादी धारेचं कडं ठेवतात, ती कटिंग एज. तिच्यावर निमुळता होत खाली आलेला काँक्रीटचा कर्ब आणि कर्बवर विहिरीची गोल भिंत, म्हणजे स्टायनिंग. भिंतीचा एक टप्पा ओतायचा, तो पक्का झाला की आतली माती ग्रॅबने काढायची. कटिंग एजखालचा आधार गेला की विहीर स्वतःच्या वजनाने खाली सरकते. मग पुढचा टप्पा, पुन्हा उपसा. घट्ट चिकणमाती लागली की विहीर अडते. अशा वेळी तिच्या डोक्यावर जादा वजन चढवतात, त्याला केंटलेज म्हणतात. घाईत आतलं पाणी फार उपसलं, तर बाहेरच्या पाण्याच्या दाबाने वाळू खालून एकदम आत फुटून येते आणि विहीर झटक्यात खाली जाते. या सँड ब्लोने आतल्या आणि वरच्या कामगारांचे जीव गेले आहेत. म्हणूनच पाणी उपसण्याच्या परवानगीबाबत अनुभवी अभियंते इतके कठोर असतात, आणि ते योग्यच आहे.

विहीर सरळ उतरवणं ही खरी कसोटी. ती कलली तर टिल्ट, जागेवरून सरकली तर शिफ्ट. टिल्ट ८० ला १ पेक्षा जास्त आणि शिफ्ट १५० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. कल दिसू लागला की उंच राहिलेल्या बाजूची माती जास्त काढायची, वजन त्या बाजूला सरकवायचं, बाहेरून पाण्याचा झोत मारून माती सैल करायची. हे जितकं वर असताना लक्षात येईल तितकं बरं, कारण विहीर खोल गेल्यावर ती सहजी वळत नाही. ठरलेल्या खोलीवर पोचली की ट्रेमी पाइपातून पाण्याखाली काँक्रीट सोडून तळ बंद करतात, तो बॉटम प्लग. आत वाळू भरायची, वर टॉप प्लग, मग जाड वेल कॅप आणि तिच्यावर पिअर. पुलावरून जाणाऱ्याला यातलं फक्त शेवटचं दिसतं.

पाया उथळ ठेवून त्याभोवती दगड पसरले तर काय होतं, याचं शिकवणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्कोहॅरी नदीवरचा पूल १९५० च्या दशकात बांधला. पाये उथळ होते आणि त्यांच्या रक्षणासाठी भोवती मोठ्या दगडांचं आवरण होतं. हे आवरण पुरात हलतं, ते पुन्हा भरावं लागतं. तसं ते नीट राखलं गेलं नाही. ५ एप्रिल १९८७ ला पाऊस आणि वितळलेलं बर्फ यांचा मोठा पूर आला, एका पिअरखालचा तळ निघून गेला आणि पूल कोसळला. १० जण गेले. त्यानंतर तिथे देशभरातल्या पुलांचा स्कावरच्या दृष्टीने हिशेब सुरू झाला. खांबाच्या काँक्रीटची ताकद या अपघाताचं कारण नव्हती.

आपल्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या महापुरात मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल गेला. एसटीच्या दोन बस आणि इतर वाहनं अंधारात पात्रात कोसळली, अनेक कुटुंबं उद्ध्वस्त झाली. त्यानंतर राज्यातल्या ब्रिटिशकालीन पुलांच्या तपासणीचे आदेश निघाले आणि जून २०१७ मध्ये तिथे नवा पूल सुरू झाला. तपासणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भेगा, गंजलेल्या सळ्या, कठड्यावरची झाडं येतात. ते पाहायलाच हवं. पण तेवढ्यावर थांबलेली तपासणी मला अर्धवट वाटते. प्रत्येक मोठ्या पुरात पिअरपाशी तळ किती खाली गेला, याची मोजणी व्हायला हवी. त्याला साउंडिंग म्हणतात. पूर्वी वजन बांधलेला दोर सोडून ती घेत, आता इको साउंडर आहेत. ती नोंद पुलाच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं साठली तर सूत्राने दिलेला आकडा आणि नदीने दाखवलेला आकडा शेजारी ठेवता येतो. कोकण रेल्वेने काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या पुलांपाशी पाण्याची पातळी वाढली की इशारा देणारी यंत्रणा बसवली आहे. रस्त्यांवरच्या पुलांनाही अशी यंत्रणा हवी, आणि तिच्या जोडीला तळाची मोजणीही.

आता तिसरा प्रकार, नदीचा तळच उतरत जाण्याचा. नदी हे काम फार सावकाश करते. वाळूचा उपसा ते काही वर्षांत करून दाखवतो. पुलाच्या आसपास पात्रातून दोन मीटर वाळू गेली, तर वरच्या उदाहरणातल्या विहिरीभोवतीची १३ मीटर वाळू ११ वर येते. खड्डा पुलाच्या खालच्या अंगाला केला म्हणून पूल वाचत नाही, कारण खड्ड्याची वरची कड पुरात ढासळत मागे मागे, पुलाकडे सरकते. असा उपसा म्हणजे पायाची चोरी आहे आणि तिचा गुन्हाही तसाच नोंदवला गेला पाहिजे. ज्या पुलांच्या वेल कॅप पूर्वी वाळूत गाडलेल्या होत्या आणि आता उन्हाळ्यात उघड्या दिसतात, त्यांच्याकडे या पावसाळ्याआधी आपल्या भागातल्या सार्वजनिक बांधकाम विभागाचं लक्ष लेखी वेधा. सोबत फोटो जोडा आणि तारीख घाला.

पुढील भागात : अबटमेंट, रिटर्न वॉल आणि पुलाच्या तोंडाशी खचणारा रस्ता.