घोकंपट्टी की आठवण?

बारावीची इंग्रजीची परीक्षा जवळ आली, की शब्दार्थांची वही रात्रभर घोकणारे विद्यार्थी घरोघर दिसतात. पेपरात मात्र नेमका हवा तोच शब्द आठवत नाही. असे का व्हावे?

जर्मन शास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगटांच्या याद्या स्वतः पाठ करून विस्मरण मोजले. त्यांचे निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध झाले. विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होते, मग मंदावते, असे त्यांना आढळले. शिवाय तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांचा उपयोग एका बैठकीतील ६८ आवृत्त्यांइतका झाला!

२००६ साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, तो न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिला.

हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. सारख्याच अवघड अशा २० नव्या शब्दांचे दोन गट करा. एक गट रोज नुसता वाचा. दुसऱ्यातील शब्दांचे अर्थ वही मिटून आठवून लिहा व चुका दुरुस्त करा. दोन्हींना वेळ सारखाच द्या. आठवड्यानंतर मित्राकडून चाचणी घ्या आणि अभ्यासाची पद्धत तुम्हीच ठरवा.