होडीच्या इंजिनाचा जोर का ओसरतो?

लहान होडीच्या पिछाडीच्या फळीस अडकवावयाचे आउटबोर्ड इंजिन कोकणच्या खाड्यांतून आता सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. अमेरिकेत ओले एव्हिनरूड याने १९०९ साली अशी इंजिने विक्रीकरिता तयार करण्यास आरंभ केला. वर इंजिन, त्यापासून खाली जाणारा उभा दांडा, टोकाशी दातेरी चाके आणि पंखा ही त्याची मांडणी बव्हंशी तशीच राहिली आहे. हे यंत्र एकाएकी बंद पडले तर तांडेल तत्काळ सावध होतो. परंतु त्याचा जोर हळूहळू कमी होऊ लागला, तर "किनाऱ्यापर्यंत पोचवील" या भरवशावर होडी तशीच हाकली जाते. अपघाताचे मूळ पुष्कळदा या भरवशातच असते.

कर्ली नदी देवबागेजवळ समुद्रास मिळते, तेथे किंवा तशाच दुसऱ्या एखाद्या खाडीच्या मुखाशी वाळूचा उंचवटा साचतो. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असते व समुद्राची लाट आत येत असते. या दोहोंची गाठ पडली की लाटा उभ्या राहून फुटतात. अशा जागी होडीस लाटेपुढे सरळ ठेवील एवढा जोर इंजिनात नसेल, तर होडी आडवी होते आणि भरलेल्या जाळ्यांसह उलटते. यास्तव जोराविषयी शंका आली की मुखात शिरू नये. फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर, बेताच्या खोलीवर नांगर टाकावा, सर्वांनी जीवरक्षक जाकिटे चढवावीत, आणि मगच दोष शोधण्यास बसावे. भरती लागेपर्यंत थांबल्याने मासळीचा भाव थोडा उतरेल, इतकेच.

दोष शोधताना पाना हाती घेण्यापूर्वी कान द्यावा. होडी मंदावत असता इंजिनाचा आवाज चढत असेल, तर इंजिन काम करीत आहे, पण त्याचा जोर पाण्यास पोचत नाही. असा दोष पाण्याखालच्या भागात असतो. उलट आवाजही होडीबरोबर खाली उतरत असेल, तर इंधन, ठिणगी किंवा थंडावा यांपैकी कोठे तरी बिघाड आहे. पंख्यास जाळ्याचा तुकडा वा प्लास्टिकची पिशवी गुंडाळली असतानाही आवाज उतरतो. म्हणून इंजिन बंद करून ते वर उचलावे आणि पंखा एकदा डोळ्यांनी पाहावा. या तपासणीस दोन मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही.

पंखा मोकळा असेल, तर प्रथम इंधनाकडे वळावे. सुट्या टाकीच्या झाकणावर हवा आत घेण्याचा लहान स्क्रू असतो. तो बंद राहिला, तर इंजिन काही वेळ उत्तम चालते. पुढे टाकीतील इंधन कमी होत जाते, त्याची जागा घेण्यास हवा मिळत नाही, आणि जोर ओसरतो. झाकण सैल करताच फुस्स असा आवाज होऊन इंजिन पुन्हा उचल खाऊ लागले, तर दोष सापडला असे समजावे. नळीवरील रबरी फुगाही बरेच काही सांगतो. त्यावरील बाण इंजिनाकडे असावा. चालत्या इंजिनात फुगा चेपून चपटा झाला असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूस आहे. तो कितीही दाबला तरी कठीण होत नसेल, तर नळीच्या भेगेतून किंवा सैल जोडातून हवा शिरत असण्याचा संभव मोठा. जोर उतरत असताना फुगा दाबला आणि इंजिन तेवढ्यापुरते सुधारले, तर त्यास इंधन पुरेसे मिळत नाही हे निश्चित होते. फुगा दाबीत घर गाठता येते. पण तो उपाय त्या दिवसापुरताच समजावा.

इंधनातील पाण्याचा दोष आज अधिक लक्षात घेण्याजोगा आहे. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात व टाकीच्या तळाशी बसतात. इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. ज्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, त्यात हा थर गेल्यास जोर तर जातोच, शिवाय दट्ट्यास वंगण न मिळून तो सिलिंडरमध्ये अडकण्याची भीती असते. टाकीच्या तळचे थोडे इंधन स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला, तर त्या टाकीतील इंधन वापरू नये. पावसाळाभर पडून राहिलेल्या पेट्रोलवर हंगामाची पहिली फेरी करणे ही काटकसर महाग पडते. ही तपासणी करताना विडी-काडी दूर ठेवावी, हे वेगळे सांगावयास नको.

कार्ब्युरेटरच्या स्क्रूस हात लावण्याचा मोह अनेकांना होतो. सकाळपर्यंत नीट चाललेल्या इंजिनाचा स्क्रू दुपारी सहसा आपोआप फिरत नाही. तो पिळल्याने मूळचा दोष तसाच राहतो आणि त्यात दुसऱ्याची भर पडते.

इंधन ठीक असेल तर स्पार्क प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी टोक हे चांगल्या ज्वलनाचे लक्षण. दोन सिलिंडरांच्या इंजिनात एक प्लग असा आणि दुसरा ओला व काळा असेल, तर तो सिलिंडर काम करीत नाही. नवा प्लग लावून पाहावे. टोक पांढरेफटक व भाजल्यासारखे दिसले, तर मात्र नुसता प्लग बदलून भागत नाही. इंधन अपुरे पडत आहे किंवा इंजिन अतिशय तापत आहे, याची ती खूण होय.

तापण्याची परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू असता मागील बारीक छिद्रातून पाण्याची धार पडली पाहिजे. ती क्षीण झाली वा थांबली, तर इंजिन ताबडतोब बंद करावे. पुष्कळ नवी इंजिने फार तापल्यास स्वतःच वेग उतरवितात; त्यास बिघाड समजून लीव्हर पुढे रेटणे घातक ठरते. छिद्रात मीठ वा वाळू अडकली असेल, तर बारीक तार घालून पाहावी. खाली पाणी शिरण्याच्या जाळीवर शेवाळ किंवा चिखल असल्यास काढावा. तरीही धार न आली, तर पंपातील रबरी पात्यांचे चाक झिजले असावे. गढूळ खाडीत वाळू त्यास लवकर खाते, म्हणून ते ठरावीक काळाने बदलावे लागते. तापलेल्या इंजिनावर समुद्राचे पाणी ओतू नये. धातूस तडा जातो.

आता आवाज चढतो पण होडी चालत नाही, या प्रकाराकडे वळू. बैलगाडीच्या चाकास जसा तुंबा, तसा पंख्यासही असतो. अनेक पंख्यांत आतील धातूची नळी व बाहेरचा तुंबा यांच्यामध्ये रबर दाबून बसविलेले असते. ते सुटले, की आतील नळी फिरते आणि पंखा मागे राहतो. पंखा काढून दोहोंवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढावी व परत बसवून फेरी मारावी; रेघ तुटलेली आढळली, तर रबर सरकले. लहान इंजिनांत रबराऐवजी तुटण्याकरिताच ठेवलेली मऊ धातूची पिन असते. खडकावर पंखा आपटला की ती तुटते व दातेरी चाके वाचतात. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकणारा पिनेचे पैसे वाचवितो आणि पुढच्या धक्क्यास दातेरी चाके गमावतो. सुट्या दोन पिना होडीतच ठेवाव्यात.

किनाऱ्यास आल्यावर पंख्यामागील दांड्यावर गळाची दोरी गुंडाळली गेली आहे काय, तेही पाहावे. ती आतील सील कापते व दातेरी चाकांच्या तेलात पाणी शिरते. तळचा स्क्रू किंचित सैल करून थोडे तेल बाहेर घ्यावे. ते दुधासारखे पांढुरके दिसले, तर सील व तेल बदलल्याखेरीज होडी पुन्हा पाण्यात लोटू नये.